कोऱ्या कापडानं गाळलेलं तळं

आमच्या घरात पाण्याचा कुठलाही साठा माझ्या ताब्यात देत नाहीत. पिण्याचं पिंप माझी बायको सुनंदा भरते, टाकीचा कॉक सुनंदा बघते, आणि फ्रिजमधली एखादी बाटली मी उचलली तरी आतून तिचा आवाज येतो, "प्यायला घेतलीत ना? मग नुसतं प्या!" मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. तरीही हे असं आहे, आणि ते का आहे हे सांगायचं तर मला आमच्या परसातल्या तळ्यापर्यंत जावं लागेल. (जायला परवानगी आहे. फक्त काठाच्या दोन पावलं अलीकडे थांबायचं.)

तळं म्हणजे खरं तर हौद. भिवंडीत, नारपोलीला आम्ही घर बांधलं तेव्हा बांधकामाच्या पाण्यासाठी मागच्या बाजूला सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असा हौद केला होता. घर उभं राहिल्यावर मी तो बुजवायला निघालो, तर सुनंदा आडवी आली. 'बुजवणं' हा शब्दच तिला त्या दिवसांत सहन होत नव्हता. तिचं माहेर मानकोलीचं. माहेरच्या घरामागे कमळांचं तळं होतं. त्यात ती आणि तिचा थोरला भाऊ दादा पोहायला शिकले. पुढे जमिनी गेल्या, गोडाऊनं आली, आणि एका उन्हाळ्यात ते तळंही मुरमानं भरायला घेतलं. शेवटच्या दिवशी ट्रक रांगेत उभे असताना ही बाई साडी खोचून चिखलात उतरली आणि कमळाचा हातभर कंद उपटून, तसाच मांडीवर घेऊन, रिक्षात बसून भिवंडीला आली. सीट चिखलानं भरली म्हणून रिक्षावाल्यानं मागे वळून तिच्याकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग तो पुढे बघून रिक्षा चालवायला लागला.

तो कंद मातीच्या टबात लावून तिनं हौदात ठेवला. सात मासे सोडले, गोगलगायी आणल्या. तीन वर्षं नुसती पानं! ताटाएवढी पानं यायची, डुलायची आणि पिवळी पडायची. मी एकदा म्हणालो, "अळू लावलं असतंस तर वड्या तरी झाल्या असत्या." त्यावर दोन दिवस अबोला झाला. आणि मग गेल्या मे महिन्यात पानांच्या मधून एक दांडा वर आला, आणि त्याच्या टोकाला मुठीएवढी गुलाबी कळी!

सुनंदानं पहिला फोन दादाला केला. तळं बुजल्यापासून दादा त्या रस्त्यानं जात नाही, गोडाऊनला वळसा घालून जातो. फोनवर तो म्हणाला, "रविवारी येतो. तवर फुलंल ना गो?" सुनंदानं कळीकडे बघून, बोटांवर दिवस मोजून सांगितलं, "रविवारी सकाळी बरोब्बर."

मधेच नाशिकला नातवाचा वाढदिवस आला. सुनंदा बुधवारी जाणार आणि रविवारी सकाळी परतणार. मी घरी. (प्रवासात माझी पाठ धरते. त्या चार दिवसांत घरबसल्याही धरली असती तर फार बरं झालं असतं.) निघताना तिनं मला तळ्यापाशी उभं केलं.

"तळ्याला हात लावायचा नाही."

"मासे?"

"त्यांचं ते खातात."

"पाणी कमी झालं तर?"

"होऊ द्या."

"मग मी नेमकं काय करायचं?"

"काही नाही. चार दिवस काहीसुद्धा करायचं नाही! जमेल?"

आता हे काम शिक्षकाला सांगण्यासारखं आहे का? तीस वर्षं मी 'डबक्याची परिसंस्था' हा धडा शिकवला. फळ्यावर डबकं काढायचो, त्यात मासा, शेवाळ, बेडूक. (बेडकाला पोरं दरवर्षी "सर, हा हेडसरांसारखा दिसतो" म्हणायची. मी नाकारलं नाही.) आणि आता माझ्या स्वतःच्या परसात जिवंत परिसंस्था असताना मी हात बांधून बसू?

तिची रिक्षा धामणकर नाक्याच्या दिशेनं वळली आणि मी तळ्याचं निरीक्षण केलं. पाणी हिरवट होतं. तळ दिसत होता, मासे दिसत होते, पण हिरवट! भिंतींना तर आतून शेवाळाचा गालिचा. म्हटलं, दादा इतक्या आशेनं येणार आणि त्याला काय दाखवायचं, ही घाण? पाणी कसं काचेसारखं पाहिजे. मी बाथरूमचा ब्रश घेतला, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तीन वर्षांचं शेवाळ दोन तासांत खरवडून काढलं. ते शेवाळच पाणी स्वच्छ ठेवत होतं हे मला माहीत होतं. परीक्षेत पाच मार्कांना मीच विचारायचो. पण प्रश्न काढणारा उत्तर लक्षात ठेवतोच असं नाही.

दुपारपर्यंत तळ्याची पालकाची पातळ भाजी झाली होती.

तेवढ्यात भिंतीवरून डोकं वर आलं. मुश्ताकभाईंचं. आमच्या भिंतीला लागून त्यांचे सोळा लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आहेत आणि घर बांधायच्या आधीपासूनची, तीस वर्षांची आमची दोस्ती आहे. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते कुणाशीही ओरडूनच बोलतात. गुपितसुद्धा.

"काय सर! आज हिरवा रंग?"

"शेवाळ सुटलंय हो. गाळायला पाहिजे."

"मग छानून घ्या ना कपड्यातून! कपडा काय कमी हाय आपल्याकडे?" आणि पाच मिनिटांत भिंतीवरून कापडाचा गठ्ठा आला. "चाळीस मीटर हाय. थोडा डिफेक्ट हाय म्हणून बाजूला काढला होता. वापरा बिनधास्त!"

मला माझ्या नशिबाचा हेवा वाटला. गुरुवारी सकाळपासून मी कामाला लागलो. कापडाची चौपदरी घडी पिंपाच्या तोंडावर बांधली, तळ्यातलं पाणी बादली बादली त्यातून ओतलं आणि गाळलेलं पाणी परत तळ्यात. कापड हिरवं झालं की तळ्यातच खळबळून घट्ट पिळायचं आणि उलट्या बाजूनं लावायचं. हिरवा रंग उतरायला लागला! उरलेल्या कापडाचा मी तळ्यावर मांडव घातला, कारण ऊन आलं की शेवाळ वाढतं. (हे मात्र आठवलं!) मांडव मधे सैल पडून पाण्यात टेकला आणि हळूहळू बुडाला. मी म्हटलं, असू दे, गारवा राहील. संध्याकाळी तळ दिसत होता. मी खुर्ची टाकून तळ्याकाठी चहा प्यायलो आणि दादा काय म्हणेल याची दोन-तीन वाक्यं मनात तयार केली.

शुक्रवारी सकाळी मागचं दार उघडलं तर तळ्यात पेज होती.

पांढरी, दाट, आंबूस वासाची पेज. मधून कमळाची पानं, आणि सातही मासे तोंड वर काढून पाण्याच्या वरची हवा गिळत होते. मी बोट बुडवलं. बुळबुळीत. आणि त्या क्षणी मला जे कळलं ते भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटू नये म्हणून त्याला आधी सायझिंगमध्ये कांजी पाजतात. कोरं कापड अंगात ती कांजी घेऊनच येतं. म्हणून आमच्या आया नवं कापड दोनदा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावत नसत. आणि मी चाळीस मीटरची कांजी तळ्यात खळबळून, पिळून, वर रात्रभर भिजत घातली होती!

मी भिंतीवर चढलो. "मुश्ताकभाई! कांजी सुटली! तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कांजी असते ते माहीत हाय ना सर."

"मग सुटते ते?"

"ते मला कसं माहीत असणार?" त्यांनी अगदी खरेपणानं विचारलं. "तीस वर्षं झाली, आपल्या कपड्याला मी कधी पाण्यात बघितलाच नाय. लूमवरून उतरला, घडी झाली, टेम्पोत गेला. धुवायचं काम प्रोसेसवाल्याचं!"

एक आयुष्यभर कापड विणणारा आणि एक आयुष्यभर विज्ञान शिकवणारा, अशा दोन तज्ज्ञांच्या तावडीत सात मासे सापडले होते. मी त्यांना गाळणीनं पकडून आंघोळीच्या टबात, साध्या शिळ्या पाण्यात सोडलं. माझ्या आंघोळीचं काय हा प्रश्न नंतरचा होता.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. सुनंदा.

"तळं दाखवा बरं."

मी फोन कळीच्या इतका जवळ नेला की पडद्यावर नुसता गुलाबी रंग. "बघ! काय तजेला आहे!"

"अहो जरा मागे घ्या. पाणी दाखवा."

"रेंज नाही गं इथे नीट."

"परवा तर तिथूनच बोललात."

आणि भिंतीपलीकडून तो आवाज आला, जो सोळा लूमच्या वर ऐकू जातो, आणि आज तर शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे लूमही बंद होते. "सर! पाणी अजून सफेदच हाय का?"

मी फोन बंद केला. नंतर मेसेज केला की चार्जिंग संपलं. चार्जिंग संपलेल्या फोनवरून तो मेसेज गेला कसा, असं तिचं उलट उत्तर आलं.

आता घाईच करायला हवी होती. गढूळ पाण्यावर घरोघरी काय करतात? तुरटी फिरवतात. हंड्यात दोन वेढे पुरतात. पण हा हंडा सहा फूट लांब होता, म्हणून मी बाजारातून अर्धा किलो तुरटी आणली, काठीला बांधली आणि तळ्यात फिरवू लागलो. दहा मिनिटांनी कांजी फुटली. म्हणजे निवळली नाही, फुटली! पांढरे पुंजके वर तरंगायला लागले आणि खाली हिरवट पाणी. दूध नासल्यावर जसं दिसतं, तंतोतंत तसं.

नमाजाहून मुश्ताकभाई थेट आमच्याकडेच आले. आपल्या कापडानं हे झालं म्हणून त्यांचाही जीव खाली-वर होत होता. "सर, तुमची सायन्स काय बोलते?"

"पाण्यातली हवा संपलीय. हवा मिळाली की पाणी स्वतःला साफ करतं."

"हवा?" त्यांचा चेहरा उजळला. "हवा हाय ना आपल्याकडे!" लूमवर साचलेली रुई उडवायचा ब्लोअर त्यांनी भिंतीवर ठेवला, त्याला लांब पाइप जोडला आणि पाइपाचं तोंड तळ्याच्या तळाशी सोडलं. "बिसमिल्ला!" म्हणून त्यांनी बटण दाबलं.

कांजीत हवा घुसवली की काय होतं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी लिहून ठेवतो. फेस होतो. आधी काठापर्यंत, मग काठावरून खाली, मग तुळशीपर्यंत, मग फाटकाखालून गल्लीत! बंद करा म्हणून मी ओरडलो, पण ब्लोअरपुढे माझा आवाज कुठला ऐकू येणार? गल्लीतून एक रिक्षावाला फाटकावरून डोकावला. "सर, वॉशिंग सेंटर काढलं काय? किती घेता?"

मी वळून बघितलं. कळी दिसत नव्हती. पान नाही, दांडा नाही, नुसता फेस! मी चपलांसकट तळ्यात उडी मारली. तळाला कांजी होती, कांजीखाली खरवडलेलं शेवाळ होतं, आणि माझा पाय त्या दोघांवरून इतक्या अलगद गेला की मी पडलो असं म्हणणंही बरोबर नाही. मी बसलो. कमळाच्या टबाच्या काठावर बसलो. टब कलंडला आणि त्यातला सगळा चिखल तळ्यात पसरला.

ब्लोअर बंद झाला. मुश्ताकभाईंचा आवाज आला, "सर! कळी कुठंय?" (सर कुठे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.)

कळी माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे होती. दांडा वाकून काटकोनात आला होता, पण तुटला नव्हता. मी तो दोन्ही हातांनी धरून छातीपर्यंत फेसात बसून राहिलो, आणि खरं सांगतो, मला रडू आलं. सुनंदा त्या दिवशी रिक्षात कंद मांडीवर घेऊन कशी बसली असेल, ते मला तेव्हा कळलं. तिनं एकच गोष्ट मागितली होती. काही करू नका. आणि तेवढंसुद्धा मला जमलं नव्हतं.

मुश्ताकभाई पायजमा वर करून आत उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हळू आवाजात बोलताना मी ऐकलं. "हलू नका सर. तुटला नाय अजून." त्यांनी खिशातून सुताची गुंडी काढली, दांड्याला दोन्ही बाजूंनी बांबूच्या काड्या लावल्या आणि बारीक बारीक वेढे देऊन गाठ मारली, इतकी लहान की दिसेना. "बाकी काय येत नाय मला. पण तुटायला आलेला धागा सांभाळणं, हाच धंदा हाय आपला."

शनिवारी आम्ही दोघांनी फेस उपसला, टब उभा केला, अर्धं पाणी काढून टाकीतलं शिळं पाणी घातलं. पण चिखल काही बसेना. पाणी मातकट, वर शेवाळाचे तुकडे, वास शिळा. तळ तर सोडाच, बोट बुडवलं तर बोट दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी सुनंदा आली. पिशवी दारातच ठेवून सरळ मागे गेली. तिनं पाण्याकडे बघितलं. दोरीवर वाळत घातलेल्या चाळीस मीटर कापडाकडे बघितलं. कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"कोरं कापड पाण्यात घातलंत."

मी दोरीवरचं कापड उगाचच सारखं करायला लागलो.

"आणि भिंती घासल्यात. आणि तुरटी. तुम्ही विज्ञानच शिकवत होतात ना हो? की मुलं शिकवत होती तुम्हाला?"

"भाभी!" भिंतीवरून आवाज आला. "सरांना बोलू नका! सर तळ्यात पडले, गळ्यापर्यंत बुडाले, पण कळी सोडली नाय!"

मित्र असावा तर असा. सुनंदाला माहीत नव्हतं तेवढंही त्यानं सांगून टाकलं.

मग तिला कळी दिसली. म्हणजे फूल दिसलं. त्या मातकट पाण्याच्या वर, दोन काड्यांच्या आणि सुताच्या आधारानं, ते सकाळीच उमललं होतं. ओंजळभर, गुलाबी. सुनंदा काठावर बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "दादाला काय दाखवू मी हे?" एवढंच म्हणाली, आणि फाटक वाजलं.

दादा आला होता. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात आमच्यासाठी करवंदांची पिशवी. तो तळ्यापाशी येऊन थांबला. फुलाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. परत पाण्याकडेच बघत राहिला. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो, तर त्यानं चपला काढल्या, उकिडवा बसला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"ह्यो तर आपलाच तलाव हाय गो," तो म्हणाला.

सुनंदानं मान वर केली.

"मागं आलतो तवा पाणी काचंवानी होतं. मनात म्हटलं, सुनंदानं हाटेलातला हौद बांधलाय. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय. आपल्या तलावात कवा तल दिसला व्हता का? असाच गढूल, असंच शेवाल. वाससुद्धा त्योच!" त्यानं ओला हात डोळ्यांना लावला आणि तसाच ठेवला. सुनंदाचा बांध फुटला. भाऊ-बहीण दोघं त्या नासक्या पाण्याकाठी बसून रडत होते, आणि मी दोन पावलं मागे उभा राहून, ज्याला कॉपी करून पहिला नंबर मिळालाय अशा विद्यार्थ्यासारखा गंभीर चेहरा करून बघत होतो.

बऱ्याच वेळानं दादानं नाक पुसलं. "समदं हाय. एक म्हशी तेवढ्या न्हायत. दुपारच्या म्हशी बसायच्या बघ पाण्यात, गल्यापर्यंत."

सुनंदानं पदरानं डोळे टिपले. वळून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दोरीवर कापडाशेजारी वाळणाऱ्या माझ्या चिखलानं माखलेल्या लेंग्याकडे बघितलं.

"म्हशीचं म्हणशील तर दादा," ती म्हणाली, "एक परवाच बसून गेली."

दादानं लेंगा बघितला. मला बघितलं. फुलाला बांधलेलं सूत बघितलं आणि जाणकारासारखी मान डोलावली.

"चांगल्या जातीची असंल. एवढी बसली, पन कलीला धक्का न्हाय लावला."

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्यावर चार भाषणं झाली होती. पण माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणीच बोललं नव्हतं.